कुंदाच्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण

कुंदे, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मी मुलुंडला आमच्या गॅलरीत पाय पसरून चहा पितेय. दोन बटर खाऊन झाले, तिसरा कपात बुडतोय. कोणी बघितलं तर म्हणेल, जिवाभावाची मैत्रीण गेली आणि ही बाई बघा! म्हणू देत. पहिले चौदा-पंधरा दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आता भूक लागतेय, झोपही लागतेय. तुझ्यावर रागही येतोय, चांगला सणसणीत. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना तू माहीत नव्हतीस.

मधेच रडू फुटतं, नाही असं नाही. काल स्टाफरूममध्ये तुझा खण उघडला तर सुक्या जवळ्याचा वास आला. बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसलो आपण, घाटकोपरच्या त्या अध्यापक महाविद्यालयात. होऊ घातलेल्या शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवलं. तू वेसाव्याची, तुझी आई म्हावऱ्याची पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसायची. मी मुलुंडची, अंड्याला हात न लावणारी. तुझा डबा उघडला की मी नाकाला पदर लावायचे आणि तू मुद्दाम डबा माझ्याकडे सरकवायचीस. खण उघडला आणि मी पदर नाही लावला. उभी राहिले तशीच, मग शिपाई आला म्हणून खण बंद केला.

पण आज लिहायला बसले ती यासाठी नाही. बारा वर्षं मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. म्हणजे लपवतेय असं मला वाटत होतं. ती आता सांगते, पहिल्यापासून, आणि तू मधे बोलायचं नाहीस. पहिल्यांदाच जमेल तुला.

सुलास्त्री आली होती ते वर्ष आठव. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लहानशा गावातली इंग्रजीची शिक्षिका, सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला इंडोनेशियातून आपल्याकडे आलेली. तिकडे बाईंना ‘बु’ म्हणतात, म्हणजे आईच. म्हणून ती बु सुलास्त्री आणि आपण बु कुंदा, बु विजू. तुझं आणि तिचं पहिल्याच दिवशी जमलं, कारण तिचेही भाऊ समुद्रावर जाणारे. एका दुपारी तू भांडुपच्या शाळेत पाठ बघायला गेली होतीस आणि आम्ही दोघी कँटीनमध्ये. ती रडवेली होऊन सांगत होती, वर्ग बघायला कोणी आलं की माझी मुलं माना खाली घालून बसतात. एक हात वर होत नाही. येत असलं तरी बोलत नाहीत, पाहुण्यासमोर चुकलं तर बाईंची अब्रू जाईल म्हणून. आणि शेरा मिळतो मला.

‘अगं, हात्तिच्या!’ मी म्हटलं. ‘सगळ्यांना हात वर करायला सांगायचं. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. तू विचारायचं फक्त उजव्यांना. पाहुणा खूश, वर्ग हुशार!’

आपल्याकडे ही युक्ती कुठल्या मास्तराला माहीत नाही? शाळेत शिकवत होते तेव्हा प्रत्येक तपासणीला मी ती वापरली होती. आणि अभिमानाने सांगत होते, कप्पाळ माझं. सुलास्त्री आधी हसली, मग म्हणाली, डावा हात नाही चालायचा. आमच्यात मोठ्या माणसापुढे डावा हात करत नाहीत. आपण प्रसादाला डावा हात पुढे करत नाही ना, तसंच. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही मी? पण मी विजू. टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘मग मूठ! येतं त्याने पंजा उघडा, नाही येत त्याने मूठ!’

दोघी पोट धरधरून हसलो, आणि मी विसरले.

पुढच्या वर्षी तू तिच्याच गावी गेलीस, पीएचडीसाठी. विषय काय तर इंडोनेशियातल्या वर्गांत इंग्रजी कसं शिकवलं जातं आणि मुलं ते कसं शिकतात. तीन महिने बिनपगारी रजा. आई आजारी असताना तिला वहिनीवर सोपवून. शेवटच्या बाकावर बसायचं, कागदावर बाकांचा नकाशा काढायचा, एकेका मुलाचा एकेक चौकोन, मूल बोललं की त्या चौकोनात रेघ. चाळीस चौकोन, रोज. आपण सगळे तुला हसलो होतो, ‘कुंदा परदेशात जाऊन रेघोट्या मारणार’ म्हणून. तू आलीस ती कोळंबीचे पापड घेऊन, माझ्यासाठी! आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून म्हणालीस, ‘विजू, बस. बघ.’

पडद्यावर निळे-पांढरे गणवेश. बु सुलास्त्रीने फळ्यावरच्या चित्राकडे बोट दाखवून प्रश्न विचारला आणि चाळीसच्या चाळीस हात वर. पंजे. आणि पंजांच्या मधेमधे मुठी.

मी ओळखल्या गं त्या मुठी. तू पडद्याकडे बघत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस.

‘काय दिसलं?’

‘पोरं हुशार आहेत.’

‘आणखी?’

‘गणवेश किती स्वच्छ ना.’

तू फस्सकन हसलीस. मला वाटलं, खूश आहे म्हणून हसतेय. मनात म्हटलं, वाट लागली. कुंदाच्या तीन महिन्यांची, रजेची, डॉक्टरेटची वाट लागली आणि ती लावली मी, कँटीनच्या टेबलावर बसून. पाहुण्यासाठी मांडलेलं नाटक बघून ही बाई त्यावर रेघा मारत बसली, आणि आता त्या रेघांची कोष्टकं करणार. तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘कुंदे, ते हात खोटे आहेत’, पाच शब्द. पण तुझा चेहरा असा फुललेला, आणि आई तोवर गेलेली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

मग ते पाचवं प्रकरण. त्या एकाच वर्गावरचं. तू पानं टाचून माझ्या हातात दिलीस. ‘बाकीचा प्रबंध नाही वाचलास तरी चालेल. हे वाच. मग भांडू.’ आठ दिवस ते माझ्या पर्समध्ये होतं. उघडलं नाही. वाचलं असतं तर त्यात त्या वर्गाची तारीफ असती, आणि तारीफ वाचल्यावर मला तोंड उघडावंच लागलं असतं. न वाचलेल्या गोष्टीवर बोलावं लागत नाही, हा माझा हिशेब. नवव्या दिवशी परत दिलं.

‘छान झालंय.’

‘वाचलंस?’

‘हो.’

‘सगळं?’

‘हो गं बाई, सगळं.’

‘आणि तुला चालेल? हे असंच जाऊ दे?’

‘न चालायला काय झालं?’

तू पानं पिशवीत सरकवलीस. ‘बरं,’ म्हणालीस. ‘मला वाटलं होतं तू भांडशील.’

बारा वर्षं, कुंदे! तू डॉक्टर झालीस तेव्हा कोळीवाड्यात बँड लावला होता तुझ्या भावाने. तू ती जांभळी पैठणी नेसून खुर्चीत अवघडून बसलेली, आणि भाषण करायला उभी केली कोणाला, तर मला. मी बोलले, ‘आमच्या कुंदाने सातासमुद्रापलीकडच्या मुलांना बोलतं केलं.’ आणि घसा दाटला. बायका म्हणाल्या, बघा किती प्रेम. प्रेम होतंच, पण ते घशातलं प्रेम नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. कुणी तुझा प्रबंध मागितला की मी विषयच बदलायचे. मागायचं कोण म्हणा! पण एखादा हुशार विद्यार्थी तुझ्याकडे ‘मॅडम, तुमच्या व्हिडिओमध्ये काही मुलांच्या मुठी का आहेत?’ असं विचारायला येईल, अशी भीती मी प्रत्येक जूनमध्ये नव्याने बाळगली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मुलांना पढवून पाठ घेणाऱ्या पोरींना मी रडवायला लागले. तू म्हणायचीस, ‘विजू, तू एवढी सोवळी कधीपासून झालीस गं?’ मी म्हणायचे, ‘वय झालं.’

तुझं माझं खरं भांडण मात्र वेगळंच होतं आणि ते अर्धंच राहिलं. मूल बोलता बोलता चुकलं, तर तिथल्या तिथे सुधारायचं का? मी म्हणायचे, सुधारायचंच, नाहीतर चूक मुरते. तू म्हणायचीस, ‘बोलू दे ना. त्याचं त्याला कळतं.’ ‘आणि नाही कळलं तर?’ ‘तर थांबायचं.’ ‘किती?’ तू खांदे उडवायचीस आणि जवळ्याचा घास घ्यायचीस. बावीस वर्षांत निकाल लागला नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दुपारी मी ठरवून आले होते. ते भांडण नव्हे, मुठींचं सांगायचं होतं. तुझ्या नाकात नळी. तू म्हणालीस, ‘बोल ना काहीतरी, विजू.’ आणि मी काय बोलले? कॉलेजची लिफ्ट परत बंद पडलीय. तू म्हणालीस, ‘परत?’ आपलं शेवटचं बोलणं हे, कुंदे. लिफ्टवर.

तू गेलीस आणि मला वाटलं, आता हे माझ्याबरोबरच जळणार. सांगायचं राहिलं ते राहिलं.

पाच दिवसांपूर्वी तुमच्या घरी गेले होते. वहिनी आतून ओरडल्या, ‘ये गो बाय, तुझ्यासाठी फोन हाय.’ व्हिडिओवर सुलास्त्री. डोक्यावरून पांढरी ओढणी, डोळे सुजलेले. केवढी म्हातारी दिसायला लागलीय गं ती, आणि मीही तिला तशीच दिसले असणार. दोघी आधी नुसत्या रडलो. मग माझ्याच्याने राहवेना. भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो, समोर वहिनी बसलेल्या, आणि मी इंग्रजीत भडाभडा बोलून टाकलं: त्या मुठी माझ्या होत्या, कुंदाचं संशोधन माझ्यामुळे खोटं झालं, मी तिला बारा वर्षं सांगितलं नाही, आता ती गेली.

‘अडुह, बु विजू!’ सुलास्त्री म्हणाली. हे त्यांचं ‘अगं बाई’. ‘तिला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं.’

म्हणे तू तिसऱ्या दिवशी तुझा तो चौकोनांचा कागद घेऊन तिच्यासमोर उभी राहिलीस. ‘सगळे हात वर असतात, मग हे चौदा चौकोन रोज रिकामे कसे?’ ती घाबरली, रडली, आणि सगळं सांगून टाकलं. युक्ती कुणाची, तेही. माझं नाव ऐकल्यावर तू इतक्या मोठ्याने हसलीस म्हणे, की मुख्याध्यापक धावत बाहेर आले. मग तू डोळे पुसून तिला म्हणालीस, ‘उद्यापासून हात खाली. मी पाहुणी नाही. आणि ही मुठीवाली मुलं मला दे.’

‘हे सगळं तिने लिहिलंय ना,’ सुलास्त्री म्हणाली. ‘पाचव्या प्रकरणात. ती मला म्हणाली होती, बु विजूने वाचलंय.’

मी फोन वहिनींच्या हातात दिला आणि तुमच्या ओट्यावर जाऊन बसले. जिवात जीव येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बरगड्यांवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं. मी हसायला लागले गं, सुतकाच्या घरी, मोठ्याने! वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

आणि लगेच तुझा राग. स्टाफरूममध्ये ‘आणखी काय दिसलं’ म्हणून मला खेळवत होतीस होय! सांगायला काय झालं होतं तुला?

काल दुपारी ग्रंथालयात गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसऱ्या मजल्यावर, आपल्या टेबलाच्या बरोब्बर डोक्यावर, तुझा प्रबंध इतकी वर्षं उभा होता. आपल्याकडे प्रबंध वाचतो कोण? मार्गदर्शक, परीक्षक आणि वाळवी. तुझ्याकडे वाळवीही फिरकली नव्हती. ग्रंथपाल धूळ झटकून म्हणाले, ‘मॅडम, हा पहिल्यांदाच बाहेर निघतोय.’

खिडकीशी बसून पाचवं प्रकरण वाचलं. पहिल्या दोन दिवसांच्या रेघा तू सरळ बाद केल्यास. बाद का केल्यास ते पान-दीड पान लिहिलंस, काही न लपवता. तुझ्या कोष्टकांत एक आकडा खोटा नाही. आणि मग त्या चौदा मुठी. शाळा सुटल्यावर तू त्यांना घेऊन बंदरावर जायचीस, होड्या लागतात तिथे. ती मुलं मासळीची नावं त्यांच्या भाषेत सांगायची, तू कोळी बोलीत. त्यांचं केंबुंग म्हणजे आपला बांगडा, बावल म्हणजे पापलेट. नावं संपली की मधे भाषा कुठली? तुला त्यांची येत नाही, त्यांना तुझी येत नाही. उरली इंग्रजी. पहिल्यांदाच त्या मुलांना इंग्रजी कशासाठी तरी लागली. एक मुलगी तुला म्हणाली, ‘माय फादर बोट, इंजिन सिक, टुडे नो फिश.’ तू लिहिलंस, हिने वर्गात तीन आठवडे तोंड उघडलं नव्हतं. मी सवयीने पेन्सिल शोधायला लागले, वाक्य सुधारायला. तू सुधारलं नव्हतंस. तू विचारलंस, ‘मग इंजिन दुरुस्त कोण करतंय?’ आणि ती मुलगी पुढची सव्वा दोन पानं बोललीय, कुंदे. मोडकंतोडकं, आणि एकदाही न अडखळता. तू एकूण एक शब्द उतरवलास.

शाळा सुटल्यावर बंदरावर बसून उतरवलास! मला तुझा हेवा वाटला. बावीस वर्षं माझ्या शेजारी केवढी मोठी शिक्षिका बसली होती, आणि मी तिच्या डब्याच्या वासावर बोलत राहिले. हे तुला समोर कधी म्हटलं असतं का? नसतं. आता म्हणते. माझ्यापेक्षा तू कितीतरी चांगली शिकवायचीस. आणि ते अर्धं भांडण जिंकलीस. पूर्ण नाही, पण बरंचसं.

वाचताना सारखं मनात येत होतं, माझ्या त्या ‘हो, सगळं वाचलं’ला तू फसलीस की नाही? वाटलं, ओळखलं असणार हिने. हिचं काय ते, बोलू द्यायचं आणि थांबायचं. मला सुधारलं नाही, नुसती थांबली, बारा वर्षं. असं असेल तर मी तुला फार थांबवलं गं. माफ कर.

मग शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक टाइपातली टीप दिसली. तू इंग्रजीत लिहिलीस, मी मराठीत सांगते: ‘मुठीची युक्ती माझ्या एका सहकारी शिक्षिकेची आहे. तिच्याइतकं वर्गावर जीव टाकणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. अशा शिक्षिकेलाही पाहुण्यासमोर ही युक्ती का लागते, हा खरा प्रश्न आहे. या शिक्षिकेने हे प्रकरण पूर्ण वाचले असून ते छापण्यास तिची संमती आहे.’

म्हणजे ओळखलं नव्हतंस. माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि तो छापून टाकलास. तुला वाटत राहिलं, विजूने हे वाचलंय, तिच्याविषयीचं ते वाक्यसुद्धा, आणि ती नुसतं ‘छान झालंय’ म्हणून गप्प बसली. काय वाटलं असेल तुला? विचारलंही नाहीस कधी.

मी तिथेच टेबलावर डोकं टेकून रडले. ग्रंथपालांनी पंखा वाढवला, बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नाही. आणि रडता रडता मला हसू आलं. बारा वर्षं मला वाटत होतं की माझ्यापायी तुझं अख्खं प्रकरण खोटं ठरलंय. अगं, सगळं खरं होतं. खोटं होतं ते एकच वाक्य, अगदी शेवटचं, आणि ते तुझं नव्हतंच.

काल दुपारी साडेतीनला तेही खरं झालं, कुंदे. पूर्ण वाचलं. आणि संमती आहे.